गोड्या पाण्याचे तीन किनारे

शशी,

क्रेमॅटोरियममध्ये तुझा जो फोटो लावला होता, त्यावरून थोडी कुजबुज झाली, हे तुला सांगायलाच हवं. कुठला लावायचा, असं ईशाने मला विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत तिनेच ठरवून टाकलं. निळा स्विमिंग कॉस्च्यूम, केस ओले होऊन कपाळाला चिकटलेले, आणि हसताना तोंड इतकं उघडलेलं की दाढेतलं फिलिंग दिसतंय. मागे नुसतं पाणी. मराठी मंडळातल्या एका काकूंनी बाहेर पडताना माझा हात धरून हळूच विचारलं, "साडीतला एकही नव्हता का गं?"

होते की. गणपतीतलेच पंधरा-वीस होते. मी म्हटलं, "काकू, तिला विचारलं असतं तर तिने हाच दिला असता." काकूंनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

मग कार पार्कमध्ये ईशाने गाठलं. "मावशी, त्या फोटोत आई एवढा हॅपी का आहे? मला तिने कधी प्रॉपर सांगितलीच नाही. ती तिकडे काय शोधत होता?" तुझी लेक अजून तुला 'होता' करते. तू असतीस तर अंत्यविधी थांबवून सुधारलं असतंस. मी म्हटलं, सांगेन, सगळं सांगेन, थोडे दिवस दे. तिला सांगण्याआधी एकदा तुझ्याशीच बोलून घ्यावं असं वाटलं. कारण यातलं थोडं मी तुलाही कधी सांगितलेलं नाही.

तुझ्या पोहण्याचं वेड कुठून आलं ते मला माहीत होतं. सांगलीला कृष्णेच्या घाटावर तुझे दोघे भाऊ वरच्या पायरीवरून धबाधब उड्या मारायचे आणि तू त्यांचे कपडे आणि चपला राखत बसायचीस. "चार वर्षं, मंदा. चार उन्हाळे मी शर्ट राखले," हे तू मला इथे परदेशात, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, ओळख होऊन आठवडा झाला नसेल तेव्हा सांगितलंस. तू तिथे फिजिओथेरपिस्ट, मी फार्मसीत. रांगेत माझ्या ट्रेवर सूप सांडलं आणि मी "अगं बाई" म्हणाले, तेवढ्यावर तू तीन माणसांच्या मागून ओरडलीस, "कुठल्या?" मी म्हटलं, "नागपूर." तू म्हणालीस, "चालेल."

अठ्ठावन्नाव्या वर्षी तू कौन्सिलच्या पूलमध्ये शिकायला गेलीस. शेजारच्या लेनमध्ये चार-चार वर्षांची पोरं होती आणि ती तुझ्यापेक्षा भराभर पुढे जायची. सहा महिन्यांत तू त्यांना गाठलंस. मग जवळच्या पोर्टोबेलोच्या गार समुद्रात उतरणाऱ्या बायकांच्या ग्रुपमध्ये शिरलीस. पहिल्या दिवशी बाहेर आलीस ती ओठ जांभळे करून, आणि मी धरलेल्या टॉवेलमध्ये शिरत म्हणालीस, "हे पाणी नाही, ही शिक्षा आहे. शिवाय खारट." तुला उबदार पाणी हवं होतं, आणि गोडं. नदीसारखं गोडं, पण पलीकडचा काठ न दिसणारं. मी हसले होते. असं पाणी असतं कुठे?

ते आहे, हे चिसोमोने सांगितलं. तुझ्या वॉर्डातली ती नर्स, मलावीची. तिने फोनवर फोटो दाखवला: पांढरी वाळू, लाटा, क्षितिजापर्यंत निळं. तू म्हणालीस, "कुठला समुद्र हा?" ती म्हणाली, "समुद्र नाही, आमचं सरोवर आहे. पिऊन बघ." त्या दिवसापासून मलावी हा देश तुझ्या तोंडातून गेला नाही. आधी तुझी नोकरी आड आली, मग माझा गुडघा, मग तुझ्या छातीतली ती गाठ. ऑपरेशन झालं, किमो झाली, स्कॅन क्लिअर आला. आणि मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी तू मला फोन केलास: "मंदा, सप्टेंबर. वारा पडलेला असतो, पाणी उबदार असतं. चिसोमोला विचारलंय मी. आता फक्त किनारे निवडायचे."

लीथमधल्या तुझ्या फ्लॅटवर आपण चार रविवार घालवले त्यावर. डायनिंग टेबलावर तो मोठा नकाशा पसरलेला, कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या. ते सरोवर उभंच्या उभं, देशाच्या अंगाला लावलेल्या काठासारखं. सात नावं होती, आणि तुझ्या अंगात जेवढी ताकद आहे तेवढ्यात तीनच बसतील, असं तूच म्हणालीस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तू आणि ताकद मोजणार?

तुझ्या अटी सोप्या होत्या. वाळू हवी, पाण्यात चालत जाता आलं पाहिजे आणि एका तरी ठिकाणी सूर्य पाण्यात बुडताना दिसला पाहिजे. मी म्हटलं, सरोवराच्या पश्चिमेच्या काठावर असणार आपण, तिथे सूर्य पाण्यातून उगवतो. पहाटे उठ आणि बघ. "मी सुट्टीवर पहाटे उठत नाही," म्हणालीस, आणि नकाशावर नाक टेकवून टेकवून शेवटी केप मॅक्लिअर शोधून काढलंस, जिथे जमिनीचं टोक वळल्यामुळे मावळतीला पाणी येतं. जिंकल्यासारखी पेन्सिल आपटलीस.

माझ्या अटी म्हणजे तुझ्या भाषेत इन्स्पेक्शन. त्या सरोवरातल्या गोगलगायींमधून एक बारीक किडा पाण्यात येतो, कातडीतून शरीरात शिरतो, आणि पुढे लिव्हर आणि ब्लॅडर खराब करतो. बिल्हार्झिया. तीस वर्षं फार्मसीत काढलेल्या बाईला हे माहीत असताना गप्प कसं बसवेल? म्हणून मी नियम केले: जिथे लव्हाळं आहे तिथे उतरायचं नाही, जिथे ओढा मिळतो तिथे नाही, जिथे गावातल्या बायका भांडी घासतात तिथे तर नाहीच. खडकाळ, उघड्या, लाटा असलेल्या जागा त्यातल्या त्यात बऱ्या.

आणि चिसोमोच्या आईचं गाव! चिंतेचेच्या जवळ, उत्तरेला. तिने इतक्या प्रेमाने बोलावलं होतं. पण तिथे ओढा, तिथे लव्हाळं, तिथे सगळं गाव भांडी घासतं. मी ते नाव खोडलं. तू पेन्सिलीने परत लिहिलंस. मी रबराने पुसलं. तू म्हणालीस, "बरं, मला एक सांग. त्या किड्याला त्रास द्यायला किती दिवस लागतात?"

"कधी आठवडे, कधी वर्षं."

"मग ठीक आहे की."

मी चिडले. म्हटलं, ठीक काय त्यात? तू विषय बदललास आणि चहा टाकायला उठलीस. यादी ठरली: सेंगा बे, केप मॅक्लिअर, आणि उत्तरेला खडकांतला नखाता बे. माझी सही असलेले तीन.

सेंगा बेला आपण पोहोचलो तो नेमका रविवार. त्यांची राजधानी, अख्खं लिलाँग्वे शहर तिथे लोटलेलं. स्पीकर, भाजलेले मासे, पाण्यात फुटबॉल. मी म्हटलं, "झाली माझी चूक. दुसरं काहीतरी निवडायला हवं होतं." पण तू बॅग टाकलीस आणि सरळ त्या गर्दीत पाण्यात शिरलीस. एका लग्नाच्या पार्टीने तुला मधे घेतलं. नवरीची आत्या आणि तू हात धरून लाटांवर उड्या मारत होतात. बाहेर आलीस तेव्हा ओंजळीत पाणी होतं. "चाखून बघ. शपथ, गोडं आहे." मी चाखलं नाही. फिल्टरच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. त्याबद्दल आज सॉरी म्हणते.

दुसऱ्या सकाळी तू झोपली होतीस आणि मला डास चावत होते. मलम तुझ्या बॅगेत असेल म्हणून मी हात घातला. हाताला लागली ती ब्राऊन बाटली. लेबल वाचायला मला चष्मा लागत नाही, शशी. आयुष्यभर तीच लेबलं चिकटवली मी. बाटलीला रबरबँडने एक पत्र गुंडाळलेलं होतं, कस्टमला दाखवण्यासाठी डॉक्टरने दिलेलं. ते मी वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. आजार परत आलाय, लिव्हरमध्ये आहे, पेशंटला पूर्ण कल्पना आहे, वेदनेसाठी हे औषध सोबत बाळगणं गरजेचं आहे. तारीख आपल्या पहिल्या रविवारच्याही आधीची.

मी ते परत तसंच गुंडाळलं. रबरबँडला दोन वेढे होते, दोनच दिले. बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. आपले ड्रायव्हर मिस्टर फिरी, पन्नाशीचे शांत गृहस्थ, गाडी पुसत होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, तब्येत ठीक?" मी म्हटलं, डास फार आहेत. त्यांनी गाडीतून स्वतःची मलमाची डबी आणून दिली. ती लावता लावता मी जेवढं रडायचं तेवढं रडून घेतलं. तू उठून आलीस तेव्हा मी डोळ्यांत मलम गेलं म्हणाले, आणि तू विश्वास ठेवलास. निदान मला तसं वाटलं.

केप मॅक्लिअरला तुझा सूर्य बुडाला, तुझ्या मनासारखा. बोटवाल्याने आपल्याला समोरच्या बेटापाशी नेलं आणि तू काठावरून खाली सरकलीस. पाणी इतकं स्वच्छ की वरून तुझे पाय दिसत होते आणि पायांभोवती ते निळे-पिवळे मासे, फुलं उधळल्यासारखे. मी बोटीत बसून होते, मांडीवर तुझा शर्ट, तुझी चप्पल, तुझा चष्मा. तू वर बघितलंस आणि इतकी हसलीस की पाणी नाकात गेलं. "मंदा! शर्ट राखतेयस!" बोटवाल्याला काहीच कळलं नाही, तरी तोही हसला.

पण दुपारी तू झोपून राहू लागली होतीस. "जेट लॅग," म्हणायचीस. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा एका तासाने पुढे, शशी. एका तासाचा जेट लॅग चार दिवस? मी "हो गं, होतं असं" म्हणायचे.

मग तो उत्तरेचा लांबलचक प्रवास. किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता, रबराची झाडं, रस्त्यावर वाळत घातलेली मासळी. तू मागच्या सीटवर माझ्या मांडीवर पाय पसरून पडलेली. चिंतेचेची पाटी दिसली आणि तू उठून बसलीस आणि खिडकीबाहेर बघत राहिलीस. मी पुढे वाकून म्हटलं, "मिस्टर फिरी, इथे आत एक गाव आहे. आमच्या मैत्रिणीच्या आईकडे जायचंय. नखाता बे राहू दे."

तू माझ्याकडे वळून बघितलंस. मी रस्त्याकडे बघत राहिले. तू म्हणालीस, "तिथे लव्हाळं आहे हां, मंदा."

"माहितीये."

"आणि भांडी घासतात."

"घासू देत."

चिसोमोच्या आईला सगळं गाव आगोगो म्हणतं, आजी. ती खरंच पाण्याच्या काठी पातेलं घासत होती. हात पुसून आली आणि तुझे दोन्ही हात धरून ठेवले. तिकडे 'येवो' म्हणजे धन्यवाद. हे कळल्यावर तुला कोण आनंद झाला! प्रत्येकाला तू म्हणत सुटलीस, येवो, येवो, आणि मला मराठीत, "काय यायचं ते येवो." पांढऱ्या मक्याचा न्सिमा आणि तळलेला मासा जेवलो. तू न्सिमाचा गोळा हातात फिरवत म्हणालीस, "मोदकाची उकड आहे. गूळ-खोबरं घरी विसरली बाई." आगोगोने काय म्हणतेय विचारलं, तर तू तिला अर्धा तास हातवाऱ्यांनी मोदक समजावलास. ती शेवटपर्यंत त्याला मासाच समजत होती.

उन्हं उतरली तशी तू पाण्यात गेलीस. मी काठावर उभी होते. मग मी चपला काढल्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मग दुमडणं सोडून तशीच आत आले. तू ओरडलीस, "अगं, किडे!" मी म्हटलं, "असू देत." कमरेएवढ्या पाण्यात तू माझ्यासमोर उभी राहिलीस. मला कळलंय का, हे विचारणार होतीस, मला माहीत आहे. मग म्हणालीस, "पाठ टेकव. मी धरते."

मला पोहता येत नाही, तुला माहीत होतं. तुझा तळवा माझ्या पाठीच्या बरोब्बर मधोमध आला, इतकी वर्षं लोकांना परत चालायला शिकवलेला तो हात. कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज बंद झाले. वर नुसतं आभाळ. मला वाटलं, आत्ता या बाईला किती दुखत असेल, आणि ही मला उचलून धरतेय. तरी मी उठले नाही. उठले असते तर तुला बरं वाटलं नसतं.

तो फोटो त्यानंतरचा. मिस्टर फिरींनी काढलेला. मी फ्रेमच्या बाहेर, चिखलात घसरून बसलेय, म्हणून तू तशी हसतेयस. ईशाला हे सांगायचंय. नखाता बेसाठी ठेवलेल्या दीड दिवसाऐवजी आपण त्या गावात चार दिवस राहिलो.

परत आल्यावर ऑक्टोबरात तू मला कांदेपोहे खायला बोलावलंस आणि सांगितलंस. मी दचकल्यासारखं केलं. बशी खाली ठेवली, तोंडावर हात नेला. तू लिंबू पिळता पिळता म्हणालीस, "मंदा, तुझ्याइतकं वाईट नाटक मी मंडळाच्या स्टेजवरसुद्धा बघितलेलं नाही." आणि मग आपण भांडलो. मी म्हटलं, मला आधी सांगायला हवं होतंस. तू म्हणालीस, तू ट्रिप कॅन्सल केली असतीस. मी म्हटलं, नसती केली. तू म्हणालीस, केली असतीस आणि वर मला औषधांचा चार्ट करून दिला असतास. नोव्हेंबरात मी बिल्हार्झियाच्या गोळ्या घेतल्या, दिवसभर पोट ढवळत होतं, तर तू सोफ्यावरून, "चाखलं असतंस तर निदान चव तरी कळली असती." तेव्हाही भांडलो. हॉस्पिसमध्येही. तिथे एका दुपारी तू विचारलंस, "मी नाही सांगितलं, ठीक. पण तुला कळलं होतं, तर तू का नाही बोललीस?"

तेवढ्यात नर्स आली, विषय राहून गेला. तर आता सांगते. मी बोलले असते तर त्या क्षणापासून मी तुझी फार्मसिस्ट झाले असते. वेळेवर डोस दिला का, पाणी प्यायलीस का, उन्हात जाऊ नकोस. मला ते येतं, तेवढंच तर येतं. पण सेंगा बेला त्या नवरीच्या आत्याबरोबर उड्या मारताना मी तुला बघितलं होतं. ती शशी मला आणखी दहा दिवस हवी होती. माझ्यासाठी हवी होती. तू ट्रिप वाचवायला गप्प बसलीस, मी पण तेच केलं. बरोबर कोण, ते ठरवायचं राहिलं आणि आता राहूनच जाणार. तू बरोबर होतीस असं मी लगेच कबूल करणार नाही. निम्मं करते.

शेवटच्या आठवड्यात ईशा तुझ्या उशाशी होती आणि मी खिडकीशी. तू बरीचशी झोपेतच असायचीस. फार काही बोलणं झालं नाही, आणि मला त्याची खंतही वाटत नाही. बोलून बोलून आपली बावीस वर्षं गेली.

इथवर लिहून हे पत्र मी काही दिवस ठेवून दिलं होतं. काल ईशा माझ्याकडे आली होती. मी तिला हे सगळं सांगितलं, डॉक्टरच्या त्या पत्रासकट. ती रडली, मग तिने दोन बशा उपमा खाल्ला, मग लॅपटॉप उघडला. "मावशी, मला पण जायचा आहे. तू येशील?" मी म्हटलं, येईन, आगोगोकडे जाऊ. ती म्हणाली, "तिकडे तर जाऊच. पण हा बघ." तिने बोट ठेवलं ते लिकोमावर, सरोवराच्या पार पलीकडच्या बाजूचं बेट, मोझांबिकला जवळजवळ खेटून. तू आणि मी त्याचा विचारही केला नव्हता. तिथे जायला बोटीचे तासन् तास, बोट वेळेवर सुटेल याचा भरवसा नाही, आणि हॉस्पिटल किती लांब ते विचारूच नये.

माझ्या तोंडात बारा कारणं आली, शशी. एकेक करून सगळी दातांपर्यंत आली.

"तिथला पाणी कसा असेल?" ईशा विचारत होती.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "तिथे तुझी आई गेली नाही, मीही नाही. जाऊ आणि बघू."

ती तिकिटं शोधत बसली. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली.

तुझी,
मंदा